विश्लेषण : हेरकथा लिहिणारे अर्स्किन चिल्डर्स स्वतःच हेर का ठरवले गेले? ‘द रिडल ऑफ द सँड्स’ने ब्रिटिश आरमाराची झोप खरेच उडवली होती का?

जेम्स बाँडची पहिली कादंबरी ‘कॅसिनो रॉयल’ १९५३ मध्ये आली. त्याच्या ५० वर्षे आधी, मे १९०३ मध्ये, लंडनमध्ये एक हेरकथा प्रसिद्ध झाली होती. तिच्यात ना भन्नाट यंत्रे होती, ना पानोपानी मुडदे. होते ते दोन तरुण, एक जुनी शिडाची होडी आणि ओहोटीला उघडी पडणारी मैलोन्‌मैल वाळू. तरीही त्या पुस्तकाची दखल ब्रिटिश आरमाराला घ्यावी लागली आणि सात वर्षांनी त्याच किनाऱ्यावर दोन खरे ब्रिटिश अधिकारी हेरगिरी करताना पकडले गेले. कादंबरीचे नाव ‘द रिडल ऑफ द सँड्स’ आणि लेखक अर्स्किन चिल्डर्स. आधुनिक हेरकथेची सुरुवात अनेक अभ्यासक याच पुस्तकापासून धरतात. पण लेखकाचे आयुष्य त्याच्या कादंबरीपेक्षा जास्त वळणांचे निघाले. ५२ व्या वर्षी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या, त्याही ज्या देशासाठी त्यांनी सगळे पणाला लावले त्या देशाच्या सरकारने.

कोण होते अर्स्किन चिल्डर्स?

जन्म २५ जून १८७० चा, लंडनमधला. वडील रॉबर्ट सीझर चिल्डर्स सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, ब्रिटिश प्रशासनात होते. तिथेच त्यांना पाली भाषेची गोडी लागली आणि पुढे त्यांनी पाली-इंग्रजी शब्दकोश तयार केला. बौद्ध साहित्याच्या अभ्यासकांना चिल्डर्स हे आडनाव आजही आधी त्या कोशामुळे आठवते, कादंबरीमुळे नाही.

शब्दकोश पूर्ण झाला आणि पाठोपाठ, १८७६ मध्ये, वडील क्षयाने गेले. आईलाही तोच आजार. तिला मुलांपासून दूर ठेवण्यात आले आणि पाच भावंडांची रवानगी आयर्लंडमध्ये, विकलो परगण्यातल्या आजोळी, ग्लेंडालॉक हाउस या वाड्यात झाली. तिथला बार्टन मामांचा मुलगा रॉबर्ट हा चिल्डर्स यांचा मामेभाऊ आणि आतेभाऊही, कारण मामाने चिल्डर्स यांच्या आत्याशीच लग्न केले होते. हा रॉबर्ट बार्टन आणि हा वाडा दोन्ही पुढे पुन्हा येतात.

शिक्षण मात्र पक्के इंग्रजी वळणाचे : हेलिबरी शाळा, मग केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज. १८९५ पासून हाउस ऑफ कॉमन्समध्ये कारकुनाची, म्हणजे तिथल्या हिशेबाने प्रतिष्ठेची, नोकरी. एक पाय अधू, स्वभाव अबोल. सुट्टी लागली की हा माणूस होडी घेऊन समुद्रात. १८९७ मध्ये ‘व्हिक्सन’ नावाच्या, मूळच्या लाइफबोटीवरून बेतलेल्या होडीतून त्यांनी जर्मनीच्या फ्रिशियन बेटांच्या आणि बाल्टिक समुद्राच्या पाण्यात काही महिने काढले. रोजच्या नोंदी लिहिल्या. या नोंदवहीतूनच कादंबरी उभी राहिली.

मध्ये बोअर युद्ध झाले. चिल्डर्स स्वेच्छेने तोफखान्यात भरती होऊन दक्षिण आफ्रिकेत गेले. तेव्हा ते साम्राज्याचे निष्ठावंत शिपाई होते, हे पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवे.

कादंबरीत नेमके आहे काय?

परराष्ट्र खात्यातला नोकरदार तरुण कॅरुथर्स ऐन सुट्टीत लंडनमध्ये अडकून कंटाळला आहे. जुना मित्र डेव्हिस त्याला बदकांच्या शिकारीसाठी बाल्टिकमध्ये बोलावतो. कॅरुथर्स भारी कपड्यांनी भरलेली मोठी पेटी घेऊन पोचतो आणि पाहतो तर काय, आलिशान नौकेऐवजी ‘डल्सिबेला’ नावाची एक खडबडीत होडी. (डल्सिबेला हे चिल्डर्स यांच्या बहिणीचे नाव.) शिकार हे निमित्तच असते. डेव्हिसला संशय आहे की डॉलमन नावाच्या माणसाने वादळात चुकीची वाट दाखवून त्याला बुडवण्याचा प्रयत्न केला, आणि जर्मन म्हणवणारा हा डॉलमन मुळात इंग्रज आहे.

दोघे वाळूच्या त्या चक्रव्यूहात शिरतात आणि हळूहळू उलगडा होतो. बेटांच्या मागच्या उथळ पाण्यातून, किनाऱ्यावरच्या सात लहान ओहोळांमधून सैनिकांनी भरलेले पडाव बाहेर काढायचे आणि वाफेच्या बोटींनी ओढत थेट इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर न्यायचे, अशी जर्मनीची तयारी चाललेली असते.

एवढ्यावरून हे पुस्तक वेगवान वाटेल. तसे ते नाही, आणि वाचकांचे दोन तट पडतात ते इथेच. सुरुवातीची बरीच पाने शीड, नांगर, सुकाणू आणि हवामान यांतच जातात. काही वाचक तिथेच पुस्तक मिटतात. होडी चालवणाऱ्यांना मात्र नेमका तोच भाग प्रिय असतो. दोन्ही बाजूंचे एकमत होते ते धुक्यातल्या प्रवासावर : नॉर्डर्नायहून मेमर्ट या वाळूच्या बेटापर्यंत डेव्हिस आणि कॅरुथर्स दाट धुक्यात, काहीही दिसत नसताना, फक्त होकायंत्र, घड्याळ आणि पाण्याच्या खोलीच्या अंदाजावर वल्हवत जातात. भरतीची वेळ चुकली तर होडी वाळूत रुतणार आणि डाव संपणार. गोळी न झाडता थरार कसा उभा करायचा, याचा तो नमुना आहे. डॉलमनची मुलगी क्लारा आणि डेव्हिसची प्रेमकथा मात्र ठिगळ लावल्यासारखी वाटते. खुद्द चिल्डर्सही त्या भागावर खूश नव्हते.

वाचकांना ते खरे का वाटले?

कारण चिल्डर्स यांनी कादंबरी कादंबरीसारखी सादरच केली नाही. मुखपृष्ठावर त्यांचे नाव लेखक म्हणून नव्हे, तर संपादक म्हणून होते. एका खऱ्या गुप्त कामगिरीचा वृत्तांत हाती आला, नावे बदलून तो छापत आहोत, असा आव. सोबत समुद्राचे नकाशे. वाचकाने एक बोट नकाशाच्या पानावर ठेवून वाचायचे, अशीच रचना. खोली, अंतर, प्रवाहाची दिशा, रेल्वेचे फाटे, कालवे हे सगळे तपशील खरे, कारण लेखक त्या वाळूवर स्वतः रुतून आलेला. तपशील इतके तपासता येण्याजोगे असतील, तर त्यांच्यावर बेतलेला कटही खराच असणार, असे वाचक धरून चालले. तर्क चुकीचा होता, पण समजण्यासारखा.

काळही तसाच होता. जर्मनीने १८९८ पासून मोठे आरमार बांधायला घेतले होते आणि ब्रिटनचे प्रमुख नौदल तळ दक्षिणेला, फ्रान्सच्या दिशेने तोंड करून होते. उत्तर समुद्राची बाजू उघडी आहे, हे चिल्डर्स यांना सांगायचे होते. गोष्ट हे त्यासाठीचे वाहन होते.

आरमाराचे तळ या कादंबरीमुळे उभे राहिले का?

अनेक ठिकाणी तसे लिहिलेले आढळते. तारखा मात्र वेगळे सांगतात. स्कॉटलंडमधल्या रोसिथच्या तळाची घोषणा मार्च १९०३ मध्ये झाली आणि कादंबरी मे महिन्यात आली. पुस्तकाच्या शेवटच्या टिपणात चिल्डर्स यांनी स्वतःच या घोषणेचा उल्लेख केला आहे. म्हणजे पुस्तकाने तळ उभारला नाही. उत्तर समुद्राकडे बघा म्हणणाऱ्या लोकमताला मात्र मोठे बळ दिले. आरमाराच्या गुप्तवार्ता विभागाने कादंबरीतल्या योजनेची तपासणी केली, आणि इतक्या उथळ पाण्यातून एवढे सैन्य गुपचूप बाहेर काढणे व्यवहार्य नाही, असा निष्कर्ष निघाला.

तरी उत्सुकता संपली नाही. ऑगस्ट १९१० मध्ये कॅप्टन बर्नार्ड ट्रेंच आणि लेफ्टनंट व्हिव्हियन ब्रँडन हे दोन अधिकारी फ्रिशियन किनाऱ्याची टेहळणी करताना जर्मनांच्या हाती लागले. लाइपझिगमधल्या खटल्यात या कादंबरीचा विषय निघाला आणि ब्रँडन यांनी ती वाचल्याचे मान्य केले. दोघांना चार वर्षांची किल्ल्यातली कैद झाली. १९१३ मध्ये कैसरने त्यांना माफी दिली.

पुस्तकाची दुसरी संतती कमी गमतीची. १९०६ मध्ये विल्यम ल क्यू यांची ‘द इन्व्हेजन ऑफ १९१०’ ही कादंबरी ‘डेली मेल’मध्ये क्रमशः आली. अंकाचा खप वाढावा म्हणून कादंबरीतल्या जर्मन सैन्याचा मार्ग जास्त वाचक असलेल्या गावांवरून वळवला गेला. (क्लिकसाठी बातमी वाकवणे हा काही इंटरनेटचा शोध नव्हे.) ल क्यू यांच्या वाचकांना प्रत्येक जर्मन वेटर आणि न्हाव्यामध्ये हेर दिसू लागला. याच वातावरणात १९०९ मध्ये ब्रिटनचा सीक्रेट सर्व्हिस ब्युरो, म्हणजे आजच्या ‘एमआय ५’ आणि ‘एमआय ६’चे मूळ, स्थापन झाला.

बंदुका घेऊन जाणारी होडी

चिल्डर्स यांनी दुसरी कादंबरी लिहिलीच नाही. १९०४ मध्ये बोस्टनच्या मॉली ऑसगुड यांच्याशी विवाह झाला. सासऱ्यांनी लग्नाची भेट म्हणून ‘अस्गार्ड’ ही शिडाची नौका बांधून दिली. मॉली यांना लहानपणीच्या अपघातामुळे नीट चालता येत नसे, पण सुकाणूवर त्या पतीइतक्याच तरबेज होत्या.

याच काळात चिल्डर्स यांचे राजकारण बदलत गेले. आयर्लंडला स्वराज्य मिळालेच पाहिजे, या मतापर्यंत ते पोचले, १९१० मध्ये नोकरी सोडली आणि त्यावर पुस्तकही लिहिले. १९१४ मध्ये आयर्लंडच्या उत्तरेतल्या स्वराज्यविरोधी गटाने चोरून शस्त्रे आणली, तेव्हा चिल्डर्स आणि त्यांच्या मित्रांनी दुसऱ्या बाजूसाठी तेच करायचे ठरवले. हॅम्बुर्गमध्ये १,५०० जुन्या माउझर रायफली विकत घेतल्या गेल्या. भर समुद्रात त्यातल्या ९०० ‘अस्गार्ड’वर चढवण्यात आल्या. केबिनमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. सगळे रायफलींवरच झोपत होते. २६ जुलै १९१४ रोजी नौका डब्लिनजवळच्या हाउथ बंदरात लागली. जर्मन आक्रमणाचा इशारा देणाऱ्या लेखकाने जर्मन बंदुका ब्रिटिश सत्तेच्या हद्दीत उतरवल्या होत्या. १९१६ च्या ईस्टर उठावात त्या वापरल्या गेल्या.

आणि नऊच दिवसांत पहिल्या महायुद्धात ब्रिटन उतरले. चिल्डर्स लगेच ब्रिटिश आरमारात रुजू झाले. २५ डिसेंबर १९१४ च्या कुक्सहाफेन हल्ल्यात ते समुद्री विमानातून मार्गदर्शक म्हणून उडाले, आपल्याच कादंबरीतल्या किनाऱ्यावरून. शौर्यपदकही मिळाले.

मग त्यांना हेर कोणी ठरवले?

दोघांनीही. १९१६ च्या उठावानंतर झालेल्या मृत्युदंडांच्या सत्राने चिल्डर्स यांचा ब्रिटनवरचा विश्वास डळमळला होता. १९१९ मध्ये ते डब्लिनला गेले, आयरिश प्रजासत्ताकाच्या प्रचाराचे काम हाती घेतले, १९२१ मध्ये तिथल्या संसदेत निवडून गेले. त्याच वर्षी लंडनमध्ये ब्रिटनशी झालेल्या वाटाघाटींत ते आयरिश शिष्टमंडळाचे सचिव होते. ६ डिसेंबर १९२१ रोजी करार झाला. सह्या करणाऱ्यांत मामेभाऊ रॉबर्ट बार्टन होते. राजनिष्ठेची शपथ कायम ठेवणारा तो करार चिल्डर्स यांना मान्य नव्हता.

इथून फासे उलटे पडले. लंडनच्या नजरेत ते गद्दार झाले होतेच. डब्लिनमध्ये करारसमर्थकांनी त्यांच्या इंग्रज जन्मावर बोट ठेवले. आर्थर ग्रिफिथ यांनी भर सभागृहात त्यांना इंग्रज म्हणून हिणवले. इंग्रज उच्चार, आरमारातली नोकरी, त्यात गुप्तहेरांवरची गाजलेली कादंबरी. असा माणूस ब्रिटिशांनी पेरलेला नसेल कशावरून, अशी कुजबुज पसरत गेली. तसा कोणताही पुरावा कधी पुढे आला नाही. जून १९२२ मध्ये यादवी पेटली तेव्हा बंडखोरांचा सगळ्यात धोकादायक मेंदू म्हणून त्यांचे नाव घेतले जाई. प्रत्यक्षात ते दक्षिणेतल्या खेड्यांतून छापखाना हलवत प्रचारपत्र काढत होते.

१० नोव्हेंबर १९२२ रोजी ग्लेंडालॉक हाउसमध्येच, बालपणीच्या त्या वाड्यात, त्यांना पकडण्यात आले. जवळ एक लहान पिस्तूल सापडले. ते मायकल कॉलिन्स यांनी मैत्रीच्या दिवसांत भेट दिले होते. कॉलिन्स स्वतः करारसमर्थक सरकारचे नेते होते आणि ऑगस्टमध्ये यादवीतच मारले गेले होते. नव्या आणीबाणीच्या नियमांनुसार विनापरवाना शस्त्र बाळगण्याला मृत्युदंड होता. १७ नोव्हेंबरला चार अनोळखी तरुणांना याच गुन्ह्यासाठी गोळ्या घातल्या गेल्या. चिल्डर्स यांच्यासाठी वाट मोकळी करण्याचा हा प्रकार असल्याचा संशय तेव्हाच व्यक्त झाला. २४ नोव्हेंबरला, अपील प्रलंबित असताना, डब्लिनच्या बेगर्स बुश बराकीत शिक्षा अमलात आली. त्याआधी चिल्डर्स यांनी गोळ्या झाडणाऱ्या प्रत्येक जवानाशी हस्तांदोलन केले आणि नेम सोपा जावा म्हणून त्यांना एक-दोन पावले पुढे यायला सांगितले.

पुढे काय झाले?

आदल्या रात्री भेटायला आलेल्या १६ वर्षांच्या मुलाकडून त्यांनी वचन घेतले होते. आपल्या मृत्युदंडाला जबाबदार असलेल्या प्रत्येकाला शोधून त्याच्याशी हस्तांदोलन करायचे आणि वडिलांच्या मृत्यूचे भांडवल कधी करायचे नाही. हा मुलगा, अर्स्किन हॅमिल्टन चिल्डर्स, २५ जून १९७३ रोजी आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला. तो वडिलांच्या जन्माचा दिवस होता. ‘अस्गार्ड’ आज डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ज्या इमारतीत ती ठेवली आहे तिचे नाव कॉलिन्स बराक.

कादंबरी अजूनही छापली जाते. १९७९ मध्ये तिच्यावर चित्रपट आला. शिडाच्या होड्या घेऊन ‘डल्सिबेला’च्या मार्गावर जाणारे वाचक आजही आहेत. ती वाळू, म्हणजे वाडन समुद्र, २००९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि मेमर्ट बेट पक्ष्यांसाठी राखीव आहे. तिथले पाणी दर भरतीला वाळू थोडी थोडी हलवत राहते, त्यामुळे चिल्डर्स यांच्या पुस्तकातले नकाशे आता वाचायलाच चांगले. होडी हाकायची तर चालू वर्षाचाच नकाशा लागतो.