विश्लेषण : चिमण्यांसाठी टांगलेले घरटे रिकामे का राहते? सलीम अलींच्या आयुष्यातील दोन नोंदी

२० मार्चच्या जागतिक चिमणी दिनाच्या निमित्ताने नवी मुंबईतील सोसायट्यांमध्येही लाकडी घरटी टांगली जातात. काहींत चिमण्या येतात, काही वर्षभर रिकामीच राहतात. असे का होते, हे समजून घेण्यासाठी पक्षितज्ज्ञ सलीम अलींचे आयुष्य उपयोगी पडते.

चिमणीपासून सुरुवात कशी झाली?

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेले सलीम लहानपणीच आईवडिलांना पारखे झाले. खेतवाडीत मामांनी त्यांना वाढवले. नऊ-दहा वर्षांचे असताना त्यांनी भिंतीच्या भोकात अंडी उबवणारी चिमणी पाहिली. बाहेर खिळ्यावर नर पहारा देत असे. छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी तो नर टिपला. लगेच दुसरा आला. सात दिवसांत असे आठ नर मारले गेले, पण मादीने ती जागा सोडली नाही. पुढे १९०८ मध्ये गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि शिकारी मुलाचा अभ्यासक झाला.

किहीममध्ये काय उलगडले?

जर्मनीत प्रशिक्षण घेऊन १९३० मध्ये ते परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातील त्यांचे पद रद्द झाले होते. ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहू लागले. तिथे त्यांनी सुगरणींचे निरीक्षण केले. नाव स्त्रीलिंगी असले तरी घरटे विणतो नर. ते अर्धे झाले की मादी येऊन तपासते. पसंत पडले तरच तो ते पूर्ण करतो आणि मग दुसरे विणायला घेतो. नापसंत घरटी तशीच लोंबत राहतात.

आज याचा उपयोग काय?

२० जून १९८७ रोजी सलीम अलींचे निधन झाले. चिमणीला भोक लागते आणि काँक्रीटच्या गुळगुळीत भिंतीत ते नसते, म्हणून लाकडी घरटे. मात्र जागा पक्ष्याला पटायला हवी. सुमारे सव्वा इंचाचे तोंड, थेट ऊन-पावसापासून आडोसा, मांजर पोहोचणार नाही अशी उंची आणि पंख्यापासून अंतर, एवढे तरी पाहावे. पिल्लांना किडे-अळ्या लागतात. त्यासाठी आवारात झाडे-झुडपे हवीत आणि त्यांवर कीटकनाशकांची फवारणी टाळायला हवी.