विश्लेषण : चाक मागे पडले, पंखा आला… त्या काळातले अर्देशीर वाडिया कोण होते?

होडीला इंजिन बसवले की काम संपत नाही. ती ताकद पाण्यापर्यंत पोहोचवायची कशी, हा खरा प्रश्न. मुंबईच्या गोदीत हा प्रश्न ज्यांच्या हयातीत आला, त्यांपैकी एक अर्देशीर कर्सेटजी वाडिया.

जन्म ६ ऑक्टोबर १८०८ चा. घराणे पिढ्यान् पिढ्या सागवानी जहाजे बांधणारे. घरचा धंदा शिडांचा, या मुलाचे लक्ष मात्र वाफेकडे. १८२२ मध्ये ते गोदीत लागले. १८३३ मध्ये त्यांनी ‘इंडस’ ही ६० टनांची छोटी आगबोट पाण्यात सोडली. पुढच्या वर्षी माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले, ते बघायला गव्हर्नर आले.

चाकाची अडचण काय होती?

त्या वेळच्या आगबोटींना दोन्ही बाजूंना मोठी चाके असत. फळ्यांनी पाणी मागे लोटले की बोट पुढे. नदीत, उथळ पाण्यात हे उत्तम. समुद्रात मात्र बोट कलली की एक चाक खोल बुडते, दुसरे हवेत फिरते. निघताना कोळसा भरलेला असला की चाके जास्त बुडतात. कोळसा संपत आला की बोट वर येते आणि फळ्या पाण्याला नीट लागत नाहीत. पावसाळी अरबी समुद्रात हे किती महागात पडेल, ते सांगायला नको.

मागे, पाण्याखाली बसवलेला पंखा या कटकटीतून सुटतो. पण त्याचा दांडा बोटीच्या तळातून बाहेर काढावा लागतो आणि तिथून पाणी आत येऊ द्यायचे नसते. अर्देशीर १८३९ मध्ये इजिप्तमार्गे इंग्लंडला गेले, तेव्हा तिथे पंख्याची ‘आर्किमिडीज’ ही आगबोट नुकतीच समुद्रात उतरली होती. १८४५ मध्ये पंख्याच्या ‘रॅटलर’ने चाकाच्या ‘अलेक्टो’ला मागे ओढत नेले. अर्थात रॅटलरचे इंजिन जास्त जोर लावत होते, त्यामुळे लढत बरोबरीची नव्हती.

नेमणुकीवरून वाद का झाला?

१ एप्रिल १८४१ रोजी ते मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता झाले. हाताखाली युरोपीय कारागीर! एका हिंदी माणसाचा हुकूम ते मानतील का, अशी शंका ‘बॉम्बे टाइम्स’ने जाहीरपणे घेतली. पुढच्याच महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो निवडले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. शंकेला उत्तर कामातून मिळाले. १८५७ मध्ये निवृत्त होईपर्यंत कारखाना त्यांच्याच हाती राहिला. १८५१ मध्ये त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट सोडली. तिचे सगळे भाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेतले होते.

१८६१ ते १८६३ ते सिंधमधील कोटरीला, सिंधू नदीवरच्या आगबोटींचे काम पाहत होते. तिथे चाकेच कामाची, कारण वाळूच्या उथळ पात्रात खाली लोंबणारा पंखा रुततो. आज कोकणातल्या ट्रॉलरला आत डिझेल इंजिन, दांडा आणि पंखा असतो. खाडीतल्या लहान होडीला मागे लटकवलेले आऊटबोर्ड लावतात, कारण किनारा आला की ते वर उचलता येते. अगदी उथळ पाण्यात जेट बोट चालते. तिला बाहेर पंखाच नसतो, ती पाणी आत ओढून मागे फेकते.

अर्देशीर शेवटी लंडनजवळ रिचमंडला राहिले. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी तिथेच वारले. टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले ते १९६९ मध्ये.