आल्फ्रेड ब्यूखी : धुरास कामास लावणारा यंत्रज्ञ

लष्करच्या नया बाजारातून सायंकाळी जाताना मोटारींचे नाना स्वर कानी पडतात. त्यांत अलीकडे एका नव्या स्वराची भर पडली आहे. जपानी बनावटीच्या मोटारीस कारखान्याने दिलेला सायलेन्सर काढावयाचा, त्या जागी बाजारात मिळणारा रुंद नळीचा सायलेन्सर बसवावयाचा, म्हणजे गाडी घुमू लागते. आणि ती घुमू लागली म्हणजे तिचे बळही वाढले, असे तरुण मंडळी धरून चालतात. गाडी टर्बो असेल तर वाद अधिकच रंगतो. नळी किती रुंद असावी, ती कोठून बदलावी, याविषयी वरच्या वर्गातील विद्यार्थी तासन्‌तास बोलतात. या वादात टर्बो हा शब्द शंभरदा येतो. परंतु ज्या गृहस्थाने त्या यंत्राची कल्पना प्रथम केली, धुराची नळी कशी असावी यावर आयुष्याची वीस वर्षे घालविली, त्यांचे नाव मात्र एकदाही येत नाही. म्हणून त्यांचे चरित्र येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

ग्वाल्हेरच्या वाचकांस हा विषय अगदीच परका वाटू नये. यंत्रांची विलक्षण आवड असलेले कै. माधवराव महाराज शिंदे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन फुटी रुळांची जी आगगाडी सुरू केली, ती आता बंद झाली असली तरी तिच्या वाफेच्या इंजिनांचा भकभक आवाज पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. तो आवाज कशाचा होता? सिलिंडरात काम करून थकलेली वाफ चिमणीतून जोराने वर सोडीत, त्या झोतासरशी भट्टीतील धूर ओढला जाई व निखारा फुले. म्हणजे बाहेर टाकावयाच्या वाफेकडूनही आगीस वारा घालण्याचे काम करून घेत असत. तेल जाळणाऱ्या इंजिनात मात्र जळालेला वायू नळीवाटे नुसता आकाशात सोडून देत, आणि त्यात कोणास काही गैर वाटत नसे.

ज्यांस ते गैर वाटले, त्या आल्फ्रेड ब्यूखी यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील विंटरतूर या गावी ११ जुलै १८७९ रोजी झाला. विंटरतूर हे कारखान्यांचे गाव. सुल्झर बंधूंच्या प्रसिद्ध कारखान्यात आल्फ्रेडचे वडील वरिष्ठ अधिकारी होते, त्यामुळे इंजिने, ओतकाम व भट्ट्या यांच्या सहवासातच हा मुलगा वाढला. इ. स. १८९९ मध्ये त्याने झुरिकच्या तंत्रविद्यापीठात यंत्रशास्त्राच्या अभ्यासास प्रारंभ केला व १९०३ मध्ये पदवी मिळविली. आल्बर्ट आइन्स्टाइन हेही त्याच संस्थेचे विद्यार्थी. ते १९०० मध्ये तेथून बाहेर पडले. दोघांची ओळख असो वा नसो, एका वर्षापुरते ते एकाच छताखाली शिकत होते, हे ध्यानी घेतले म्हणजे मौज वाटते.

पदवीनंतर ब्यूखी यांनी बेल्जम व इंग्लंड येथे नोकरी करून अनुभव घेतला. त्या काळी डीझेल इंजिन अगदी नवे होते. इतर इंजिनांपेक्षा ते काटकसरी म्हणून सर्वत्र वाखाणले जात असे. तरीही त्यात जळणाऱ्या तेलाच्या उष्णतेपैकी निम्म्याहून बरीच अधिक वाया जाई. काही थंड पाण्यावाटे निघून जाई, आणि फार मोठा भाग जळालेल्या वायूबरोबर धुराच्या नळीतून बाहेर पडे. हा वायू अतिशय तप्त असतो व दाबाने उसळून बाहेर येतो. ब्यूखी यांचे लक्ष नेमके या उधळपट्टीवर खिळले.

त्यांची कल्पना लोहाराच्या उदाहरणाने सहज कळेल. भट्टी धगधगती राखावयाची तर कोणी तरी भाता हालवावा लागतो. आता भट्टीतून वर उसळणाऱ्या तप्त वाऱ्यानेच एक चक्र फिरावे व त्या चक्राने भाता चालावा, अशी योजना केली तर? इंजिनातून निघणाऱ्या वायूच्या वाटेत पात्यांचे एक चक्र, म्हणजे टर्बाइन, ठेवावयाचे. त्याच दांड्यावर हवा दाबणारे दुसरे चक्र बसवावयाचे. आणि ती दाबलेली हवा सिलिंडरात भरावयाची. हवा अधिक भरली की तेल अधिक जाळता येते आणि तेवढ्याच आकाराचे इंजिन अधिक काम देते. या कल्पनेचे पेटंट जर्मन साम्राज्याच्या कचेरीतून त्यांस १६ नोव्हेंबर १९०५ रोजी मिळाले. त्या वेळी त्यांचे वय २६ वर्षांचे होते. आज ज्यास टर्बोचार्जर म्हणतात त्याचा आरंभ येथून धरतात.

शोधकांच्या पुष्कळ चरित्रांत पेटंट मिळाले की यशाचे वर्णन सुरू होते. येथे तसे नाही. १९०९ मध्ये ब्यूखी सुल्झर कारखान्यात डीझेल संशोधनाचे प्रमुख झाले आणि १९११ पासून तेथे प्रत्यक्ष प्रयोग होऊ लागले. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी तयार केलेल्या इंजिनातून व्यवहारात चालेल असे फळ मिळाले नाही. हवा दाबणारी चक्रे त्या वेळी पुरेशी कार्यक्षम नव्हती, हे एक कारण. धातूंस इतकी उष्णता दीर्घकाळ सोसत नसे, हे दुसरे. परंतु खरी अडचण आणखी सूक्ष्म होती. धुराच्या वाटेत चक्र ठेवले की त्या वाटेस अडथळा होतो व वायू मागे तुंबतो. तुंबलेला वायू सिलिंडरातच रेंगाळला तर नव्या हवेस जागा राहत नाही. म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घ्यावे तसे होई. ब्यूखी यांची हुशारी त्यांच्या पहिल्या कल्पनेपेक्षा या अडचणीच्या सोडवणुकीत अधिक दिसते, असे आम्हांस वाटते.

या अवधीत इतरही स्वस्थ नव्हते. उंच आकाशात हवा विरळ असल्याने विमानाचे इंजिन दुर्बळ होते. तेथे दाबलेली हवा द्यावी म्हणून अमेरिकेचे सॅनफोर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये टर्बो बसविलेले विमानाचे इंजिन पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंचीच्या पर्वतशिखरावर नेऊन चालवून पाहिले. तो प्रयोग साधला. पण ब्यूखी यांचा डोळा जहाजे, वीजगृहे व आगगाड्या यांच्या दिवसरात्र चालणाऱ्या डीझेल इंजिनांवर होता. तेथे काही मिनिटांचा पराक्रम उपयोगाचा नव्हता.

अखेर १९२५ मध्ये वाट सापडली. सिलिंडराची झडप उघडताच जळालेला वायू एका झटक्याने बाहेर पडतो. मग क्षणभर शांतता, मग पुढचा झटका. पूर्वी सर्व सिलिंडरांचा वायू एकाच मोठ्या नळात जमा करीत. त्यात हे झटके विरून जात आणि नळातला दाब सदैव चढलेला राही. ब्यूखी यांनी नळ अरुंद केले, आखूड केले आणि वेगळे केले. ज्या सिलिंडरांचे झटके एकमेकांच्या आड येत नाहीत, त्यांचेच गट करून प्रत्येक गटाचा वायू स्वतंत्र नळाने टर्बाइनपर्यंत नेला. त्यामुळे झटक्याचा जोर वाटेत न मोडता पात्यांवर पोचला. दोन झटक्यांच्या मधल्या क्षणी नळातला दाब उतरे. नेमक्या त्याच क्षणी हवा घेणारी व धूर सोडणारी अशा दोन्ही झडपा थोडा वेळ एकत्र उघड्या ठेवल्या की ताजी हवा सिलिंडरातून आरपार वाहून उरलासुरला धूर झाडून नेई आणि आतला भाग थंडही करी.

येथे नया बाजारातील वादास उत्तर देता येते. टर्बाइनच्या अलीकडची नळी व पलीकडची नळी यांचा धर्म अगदी भिन्न आहे. अलीकडे वायूचा जोर व उष्णता जपावयाची असते, तेथे रुंदीचा हव्यास घातक ठरतो. मारुती सुझुकी फ्राँक्स व निसान मॅग्नाइट यांच्या टर्बो इंजिनांत तीन सिलिंडर असतात. तिघांचे झटके एकमेकांपासून पुरेसे दूर पडतात, म्हणून तीन सिलिंडरांचा गट ब्यूखी यांच्या पद्धतीस फार सोयीचा. तेथे हात घालण्याचे सहसा प्रयोजन नाही. टर्बाइनच्या पलीकडे मात्र झटक्याचे काम संपलेले असते. चक्र फिरते ते दोन्ही बाजूंच्या दाबातील फरकावर, म्हणून पुढची वाट जितकी मोकळी तितके चक्र लवकर वेग घेते. तेव्हा रुंद नळीत तथ्य नाही असे नाही. परंतु वाट एकदम मोकळी केली तर हवेचा दाब ठरल्यापेक्षा चढू शकतो. जादा वायू चक्रास वळसा घालून सोडणारी झडप त्या मानाने लहान असली तर दाब आवरत नाही आणि इंजिनास इजा पोचते. कारखान्याने ठरविलेल्या दाबावर चालणाऱ्या लहान मोटारीत केवळ मागचा डबा बदलून होणारा लाभ इतका थोडा असतो की तो बळात न दिसता आवाजातच ऐकू येतो. शिवाय पुढच्या नळीत विषारी वायू निवळणारे उपकरण असते. ते काढून टाकणे म्हणजे तो वायू आपल्याच गल्लीत सोडणे होय. गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करण्यास मोटार वाहन कायदा १९८८ याचीही आडकाठी आहे.

असो. ब्यूखी यांच्या नव्या पद्धतीची मोठी परीक्षा समुद्रावर झाली. बाल्टिक समुद्रातील प्रवासी वाहतुकीसाठी जर्मनीने बांधलेल्या प्रॉइसेन व हान्सेश्टाट डान्त्सिग या दोन जहाजांत दहा सिलिंडरांची डीझेल इंजिने होती. टर्बोवाचून १,७५० अश्वशक्ती देणारे इंजिन टर्बोमुळे २,५०० अश्वशक्ती देऊ लागले. इंजिन तेच, जागा तीच, आणि बळ चाळीस टक्क्यांहून अधिक वाढलेले. हा आकडा पाहिल्यावर कारखानदारांचा संशय फिटला. पुढे ब्यूखी, ब्राउन बोव्हेरी कंपनी व विंटरतूरचा आगगाडीच्या इंजिनांचा कारखाना यांनी मिळून एक मंडळ स्थापिले आणि त्याच्यामार्फत ही पद्धत देशोदेशीच्या इंजिनांत गेली. जेथे पहिल्या प्रयोगांस अपयश आले होते, त्याच विंटरतूर गावी २७ ऑक्टोबर १९५९ रोजी ब्यूखी यांचे वयाच्या ८० व्या वर्षी निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १९६२ मध्ये, डब्ल्यूडीएम-२ जातीची पहिली डीझेल इंजिने अमेरिकेहून भारतात आली आणि १९६४ पासून ती वाराणसीस तयार होऊ लागली. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती, आणि पोटात ब्यूखी यांच्या कल्पनेचे फिरते चक्र. गाडी सुटताना इंजिनातून काळ्या धुराचा जो लोट निघे, तो चक्राने वेग घेण्यापूर्वी हवा अपुरी पडल्याची खूण होती. चक्र फिरू लागले की धूर विरळ होई.

लहान मोटारींत हे यंत्र मागाहून आले. १९६२ मध्ये अमेरिकेत दोन गाड्यांत ते बसविले गेले, पण फारसे रुजले नाही. जपानात विक्रीच्या मोटारीस प्रथम टर्बो बसविला तो निसान कंपनीने सेड्रिक व ग्लोरिया या गाड्यांत, १९७९ मध्ये. ते वर्ष ब्यूखी यांच्या जन्मशताब्दीचे होते. त्या काळी तेलाच्या टंचाईने जपान त्रस्त होता. म्हणून निसानने हे यंत्र सरकारपुढे मांडले ते वेगाचे साधन म्हणून नव्हे, तर लहान इंजिनात तेल वाचविण्याचा उपाय म्हणून.