वाट चुकलेल्या मुलांचे आश्रयदाते : डेव्हिड ससून

सोलापूर जिल्ह्यात ‘ससून’ हे नाव ऐकले नाही असा माणूस विरळा. गोरगरिबाचे दुखणे हाताबाहेर गेले, की पुण्याच्या ससून रुग्णालयाची वाट धरली जाते. परंतु ज्यांच्या देणगीतून ते उभे राहिले, त्या डेव्हिड ससून यांनी वाट चुकलेल्या मुलांसाठी केलेले कार्य फारसे कोणास ठाऊक नाही.

त्यांचा जन्म १७९२ साली बगदादमधील एका प्रतिष्ठित ज्यू कुटुंबात झाला. पुढे तेथील सत्ताधीशांच्या छळामुळे त्यांना जन्मभूमी सोडावी लागली. इराणच्या किनाऱ्यावरील बुशहर येथे काही काळ काढून १८३२ च्या सुमारास ते मुंबईस आले. या शहराने त्यांना आसरा दिला आणि अपार संपत्तीही दिली. त्या संपत्तीत चीनशी चालणाऱ्या अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता, हे झाकून त्यांचे चरित्र सांगता येणार नाही.

भुरटी चोरी करणारे पोरके मूल तुरुंगात गेले, की सराईत गुन्हेगारांच्या संगतीत एका चुकीचा जन्माचा धंदा होतो. हे टाळण्यासाठी १८५७ मध्ये ससून यांच्या औदार्याने मुंबईत बालगुन्हेगारांचे सुधारगृह व उद्योगशाळा आकारास आली. कोठडीऐवजी निवारा आणि शिक्षेऐवजी हाताला हुन्नर, हे तिचे सूत्र होते. अशा शाळांचा कायदा देशात १८७६ साली झाला, म्हणजे त्यानंतर १९ वर्षांनी.

नोव्हेंबर १८६४ मध्ये पुण्यात ससून यांचे निधन झाले. रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झाले. माहीमची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा आजही त्यांचे नाव सांगते.

मात्र सुधारगृहालाही भिंती असतात आणि घराची उणीव त्या भरून काढत नाहीत. म्हणून २०१५ चा बाल न्याय कायदा संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानतो. समज देऊन घरी पाठविणे, समुपदेशन, समाजसेवा आणि परिवीक्षा असे मार्ग तो खुले ठेवतो. पण हे मार्ग गावातूनच जातात. परतलेल्या मुलाला शाळेने बाक दिला, कारागिराने हाताखाली घेतले आणि शेजाऱ्याने ‘चोर’ म्हणणे सोडले, तरच कायद्याचा हेतू सफल होतो. वसतिगृहाच्या मायेत वाढलेल्या आपणा माजी विद्यार्थ्यांना याची जाण इतरांहून अधिक असावी. ससून यांच्याएवढी संपत्ती आपल्यापाशी नाही; परंतु एका मुलाला दार उघडण्यास ती लागतही नाही.