तोंडी विचारायची सोय नव्हती म्हणून...

कॉलेजात 'बहिःशाल शिक्षण मंडळा'चं व्याख्यान असलं की आपल्याला वर्गातून उठवून हॉलमध्ये बसवतात. आपला बहिःशालशी संबंध बहुतेकदा तेवढाच. पण विद्यापीठाने गावोगाव जायचं, या कल्पनेमागे एक चोवीस वर्षांचा पोरगा होता.

जेम्स स्टुअर्ट. जन्म १८४३, स्कॉटलंडचा. केंब्रिजमध्ये गणित शिकला, ट्रिनिटी कॉलेजचा फेलो झाला. त्या केंब्रिजमध्ये बायकांना प्रवेश नव्हता आणि गिरणीतल्या माणसाला तर तिकडे कोण बोलावतंय! १८६७ साली उत्तर इंग्लंडमधल्या स्त्रियांच्या एका मंडळाने त्याला अध्यापनावर बोलायला बोलावलं. कसं शिकवावं हे सांगण्यापेक्षा शिकवूनच दाखवतो म्हणत त्याने खगोलशास्त्र निवडलं. मग लीड्स, शेफील्ड, मँचेस्टर, लिव्हरपूल अशा आगगाडीच्या फेऱ्या सुरू झाल्या.

अडचण वेगळीच आली. तरुण पुरुषाने तरुण मुलींना भरसभेत प्रश्न विचारायचे? छे, शोभत नाही! मग त्याने प्रश्न छापून वाटले, उत्तरं घरून लिहून मागवली आणि तपासून परत दिली. आज आपण रात्री दोनला जी असाइनमेंट उरकतो, तिचं हे एक जुनं भावंडं. व्याख्यानाचे मुद्देही तो छापून द्यायचा.

रॉचडेलच्या सहकारी संस्थेतल्या कामगारांसमोर बोलताना त्याने भिंतीवर आकृत्या लावल्या होत्या. घाईत त्या तिथेच राहिल्या. पुढच्या खेपेला कळलं, लोक येऊन आकृत्या बघत होते, वाद घालत होते. त्यांना शंका विचारायच्या होत्या. मग व्याख्यानाला जोडून शंकासमाधानाचा तास सुरू झाला. खरा वर्ग हाच, असं मला वाटतं.

स्टुअर्टने विद्यापीठाचा पिच्छा सोडला नाही. १८७३ साली केंब्रिजने योजना मान्य केली. नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टरमध्ये अभ्यासक्रम सुरू झाले. पुढे तो प्राध्यापक झाला, विद्यार्थ्यांना वर्कशॉपमध्ये हातांनी कामाला लावलं, त्यावरून सहकाऱ्यांशी वाजलं. खासदारही झाला. १९१३ मध्ये वारला.

एक दुखणं मात्र राहिलं. वर्ग श्रोत्यांच्या फीवर चालायचे, त्यामुळे खुर्च्यांवर कामगारांपेक्षा मध्यमवर्गीयच जास्त दिसू लागले. नॉर्थम्बरलँडच्या खाणकामगारांनी मात्र जिद्दीने वर्ग चालवले होते. १८८७ साली तिथे संप झाला, मजुरी थांबली. फी भरायला पैसे उरले नाहीत आणि वर्ग बंद पडले.