चवदार तळ्याचा दावा आणि विधी महाविद्यालयाचे प्राचार्य

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे राज्यघटनेचे कार्य सर्वांना ज्ञात आहे. कायद्याचे अध्यापक म्हणून त्यांचे जीवन मात्र आपल्या सभांतून क्वचितच सांगितले जाते. १९२२ साली ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले आणि पुढील वर्षी मुंबईत वकिली करू लागले. जून १९२८ पासून काही काळ त्यांनी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात अर्धवेळ अध्यापन केले. १ जून १९३५ रोजी ते त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

या काळात हे प्राचार्य स्वतःच एका दाव्यात प्रतिवादी होते! त्या दाव्याचा उगम आपल्याच जिल्ह्यातला. महाड काय किंवा आपली दहिवली काय, दोन्ही गावे तेव्हाही एकाच, म्हणजे कुलाबा जिल्ह्यात होती. बोले यांचा ठराव विधिमंडळात १९२३ साली झाला. त्यानुसार महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले, पण ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन केले. १२ डिसेंबरला स्पृश्यांनी महाडच्या न्यायालयात दावा गुदरला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळविला.

२५ डिसेंबरच्या परिषदेस सत्याग्रहाच्या निर्धाराने हजारो लोक जमले होते. बाबासाहेबांनी मनुस्मृतीचे दहन होऊ दिले, परंतु तळ्यावरील सत्याग्रह तहकूब करविला. काहींना ती माघार वाटली. माझ्या मते कायद्याचा सर्वांत कठीण पाठ त्यांनी तेथेच दिला: हुकूम अन्यायाचा असला तरी तो न्यायालयातच रद्द करून घ्यावयाचा. फेब्रुवारी १९२८ मध्ये तो उठलाही.

पुढे दाव्याचे काम वर्षानुवर्षे चालले. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे. येथे पुराव्याचा भार कोणावर, हा खरा प्रश्न होता. रूढी आहे एवढे सांगून भागत नाही. ती प्राचीन व अखंड असल्याचे, तिच्यावर हक्क सांगणाऱ्यानेच शाबीत करावे लागते. वादींना ते जमले नाही. १९३१ मध्ये महाडला आणि १९३३ मध्ये ठाण्याच्या अपिलात ते हरले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही, न्या. ब्रूमफिल्ड व न्या. वाडिया यांच्यासमोर, त्यांचे अपील फेटाळले. प्रथम पाणी प्राशन केल्यास तेव्हा दहा वर्षे पुरी होण्यास तीन दिवस उरले होते.

त्याच सुमारास, १९३६ मध्ये, मुंबई इलाख्यातील विधिशिक्षणाच्या सुधारणेविषयी त्यांनी महाविद्यालयाच्या मासिकात लेख लिहिला. वकिली व्यवसायात त्यांनी सर्वच दावे जिंकले असे मात्र नाही, ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्वे यांच्या बाजूने ते १९३४ साली उभे राहिले आणि कर्व्यांना दंड झालाच. १९३८ मध्ये त्यांनी प्राचार्यपद सोडले. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ विधी महाविद्यालय १९५६ साली, म्हणजे त्यांच्या महापरिनिर्वाणाच्याच वर्षी, सुरू झाले.

आज विधी महाविद्यालयांतील विद्यार्थी साहाय्य केंद्रांतून पक्षकारांना भेटतात, खऱ्या दाव्यांचे कागद वाचतात. आपल्या शाळेतून कायद्याकडे वळणाऱ्या मुलामुलींनी महाडच्या या दाव्याचा निकालही त्याच दृष्टीने मुळातून वाचावा.