फ्यूजच्या तारेमागचा ज्यूल

बिस्किटाच्या पुड्यावर कॅलरीच्या शेजारी कधी कधी किलोज्यूलही लिहिलेले असतात. हे एकक ज्यांच्या नावाचे, त्या जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी शोधलेल्या नियमावरच आपल्या घरातला फ्यूज काम करतो.

ज्यूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्ड गावी झाला. वडिलांचा बिअरचा कारखाना होता. मुलगा प्रकृतीने नाजूक, पाठीच्या कण्याचे दुखणे मागे लागलेले, म्हणून शिक्षण बरेचसे घरीच झाले. अणुसिद्धांत मांडणारे जॉन डाल्टन त्यांचे शिक्षक होते. १८३७ मध्ये डाल्टन यांना पक्षाघात झाला आणि ती शिकवणी संपली. विजेचे वेड इतके, की दोघे भाऊ एकमेकांना आणि घरच्या नोकरांना विजेचे झटके देऊन पाहत. आज असे कोणी करू नये, हे वेगळे सांगायला नको.

१८४० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी काचेच्या नळीवर तार गुंडाळून ती पाण्यात ठेवली, तारेतून वीज सोडली आणि पाणी किती तापते ते मोजले. प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट होते, तिप्पट केला की नऊपट. लंडनच्या रॉयल सोसायटीने या निबंधाचा फक्त सारांश छापला. पूर्ण निबंध १८४१ मध्ये दुसरीकडे प्रसिद्ध झाला. पुढे याच सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले आणि १८७० मध्ये कोप्ली पदक दिले.

फ्यूज म्हणजे हाच नियम. मुद्दाम बारीक ठेवलेली तार प्रवाह वाढताच आधी वितळते आणि मागची वायरिंग वाचवते. एडिसन यांनी १८८० मध्ये अशा सुरक्षा-तारेचे पेटंट घेतले.

पण फ्यूजवर फक्त अँपिअर पाहून भागत नाही. आणखी दोन आकडे पाहायचे असतात. पहिला व्होल्टचा. तार वितळली तरी मधल्या फटीत ठिणगीची ज्योत धरते आणि वीज त्यातून वाहत राहू शकते. ती विझवून पुरवठ्याचा दाब पेलण्याची क्षमता फ्यूजमध्ये हवी. गाडीतला ३२ व्होल्टचा फ्यूज घरच्या २३० व्होल्टवर म्हणूनच चालत नाही. घरची एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ज्योत विझायला मदत होते. सौर पॅनेलची डीसी वीज शून्यावर येत नाही. तिथे डीसीसाठीचाच फ्यूज लागतो.

दुसरा आकडा शॉर्ट सर्किटचा, किलोअँपिअरमध्ये लिहिलेला. २३० व्होल्टच्या वाटेत फक्त एक दशांश ओहम रोध उरला, तर २,३०० अँपिअर प्रवाह धावतो. डीपीच्या जवळ तो याहूनही मोठा असतो. तो तोडण्याची ताकद फ्यूजमध्ये नसेल, तर फ्यूजच फुटतो आणि समोर उभ्या माणसाचा चेहरा, हात, डोळे भाजतात. वाळू भरलेले एचआरसी फ्यूज यासाठीच असतात.

कामरगावसारख्या कापूस-सोयाबीनच्या गावात मोटार चालू राहावी म्हणून किटकॅटमध्ये जाड तार बांधली जाते. मग फ्यूज उडत नाही. त्याऐवजी केबल किंवा मोटार जळते. विजेच्या दोषाची किंमत काय असते, हे विदर्भाने ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे पाहिले. भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बाळे दगावली. कोणत्याही सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्याला ती पहाट विसरता येत नाही.

डॉक्टर म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला नाही. काही दशांश अँपिअरहूनही कमी प्रवाह हृदयाची लय बिघडवू शकतो. एवढ्याने फ्यूज हलतही नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवे. शिवाय विजेने भाजलेली जखम वरून लहान दिसली तरी आत स्नायू जळालेले असू शकतात, कारण ज्यूल यांचा नियम शरीरातही लागू होतो. झटका बसलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा, १०८ ला फोन करा, श्वास थांबला असेल तर छाती दाबणे सुरू करा. बरे वाटले तरी दवाखान्यात दाखवाच.

ज्यूल कधी प्राध्यापक झाले नाहीत. लग्नानंतर अवघ्या सात वर्षांत, १८५४ मध्ये, पत्नी गेली. उतारवयात पैशाचीही चणचण आली आणि १८७८ पासून सरकारी निवृत्तिवेतनावर दिवस काढले. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी विद्युत परिषदेने ऊर्जेच्या एककाला त्यांचे नाव दिले.

पुढच्या वेळी फ्यूज उडाला, तर तार बदलण्याआधी तो का उडाला ते शोधा. कारण सापडत नसेल तर परवानाधारक वायरमनला बोलवा. नवा फ्यूज घेताना अँपिअर, व्होल्ट आणि किलोअँपिअर असे तिन्ही आकडे वाचा.